जसं आहे तसं

वजनकाटे बनवणाऱ्या त्या कारखान्यातल्या माणसांना एक खोड होती आणि ती बापाकडून लेकाकडे चालत आलेली होती. त्यांना चूक बघवत नसे. कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेले, तरी आधी भिंतीवरची कललेली तसबीर सरळ करणार आणि मग यजमानांची विचारपूस करणार. कुणी म्हणालं, काल चार वाजता पाऊस आला, की चौघं एकदम म्हणणार, चार नाही, पावणेचार. दुकानातले तराजू, दवाखान्यातले उभे काटे, टपालघरातले छोटे, गोदामातले मोठे, असं सगळं तिथे बनायचं आणि केसभर फरकासाठी ही माणसं गेलेला माल परत मागवायची. गावातले लोक त्यांच्यापुढे जरा जपूनच तोंड उघडत.

या सगळ्यांची मुकुटमणी म्हणजे स्टोअरबाई. बावन्न वर्षांची, अंगाने भरलेली, चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवलेला. सत्तावीस वर्षं कारखान्याचं भांडार तिच्या हाती होतं. कुठला स्क्रू कुठल्या कप्प्यात आणि त्यातले किती गंजलेले, हे तिला तोंडपाठ होतं. लग्न तिने केलं नव्हतं. जुळलं नाही असं ती म्हणायची, तपासणीत कुणी पास झालं नाही असं कारखान्यातले लोक म्हणायचे.

घरात ती आणि तिचे वडील, दोघंच. वडिलांना सगळे आप्पा म्हणत. तयार काटा शेवटचा तपासून जुळवायचं काम त्यांनी याच कारखान्यात चाळीस वर्षं केलं होतं आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या काट्याला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. आता ते दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले असत. संध्याकाळी सहाला जिन्यावर लेकीची पावलं वाजली, की आतून हाक यायची, "छटाक आली का गं?" आणि मग ते स्वतःच हसायचे. ते हसणं बारीक सुरू व्हायचं आणि खोकल्यात संपायचं. ती महिन्याची असताना आप्पांनी तिला नव्या काट्यात झोपवून काटा तपासला होता, तेव्हाचं ते नाव. पुढे वजन कुठल्या कुठे गेलं, नाव छटाकच राहिलं. चारचौघांत ती हाक ऐकू आली की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं आणि एखाद्या दिवशी आप्पांचा डोळा लागल्यामुळे हाक आली नाही, तर तिला जेवण जात नसे.

एका सोमवारी फाटकाजवळच्या फळ्यावर कागद लागला. कारखान्याचा ताबा नव्या मालकांकडे जात आहे, एवढंच त्यावर होतं. मालक कोण, कुठले, त्यांना वजनकाट्यांशी काय करायचंय, काही नाही. मग काय, कॅन्टीनमध्ये तोंडाला तोंड लागलं. ताबा घेणं म्हणजे नक्की काय, यावर जेवणाची सुट्टी पुरेना. कुणी म्हणे, पाटी बदलणार. कुणी म्हणे, निम्म्यांना नारळ मिळणार. फोरमनसाहेबांचं म्हणणं होतं, की जागा विकून टाकतील आणि आपण रस्त्यावर येऊ. शेवटी मॅनेजरांनी सगळ्यांना अंगणात बोलावून सांगितलं, की काहीही बदलणार नाही. पाटी तीच, जागा तीच, माणसं तीच. "जसं आहे तसं ताब्यात घेणार, असं त्यांनी लेखी दिलंय," ते म्हणाले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आता मागे वळून बघताना वाटतं, की त्या वाक्याला तिथेच कुणीतरी घाबरायला हवं होतं.

मालक आले नाहीत. आले ते यादीवाले, एक बाई आणि एक पुरुष, राखी रंगाच्या कडक इस्त्रीच्या कपड्यांत. फाटकातून आत येताना जमिनीत बसवलेला मोठा काटा ओलांडावा लागे. माल असो नाहीतर माणूस, प्रत्येकाच्या पायाखाली तो हलायचा आणि भिंतीवरच्या तबकडीतली सुई झुकायची. हे दोघे शेजारी शेजारी चालत आत आले आणि सुई जागची हलली नाही. स्टोअरबाईने ते आपल्या डोळ्यांनी पाहिलं. तिला वाटलं, काटा बिघडला. त्याच दुपारी तिने तो खोलायला लावला आणि आत धूळसुद्धा सापडली नाही.

यादी जाडजूड होती. एका वस्तूला एक पान. ते दोघे भांडारात तिच्या टेबलासमोर बसले. पान तिच्याकडे सरकवत बाई म्हणाली, "नोंद बरोबर आहे का? चूक असेल तर दुरुस्त करा आणि सही करा." लेथ क्रमांक चार, खिडकीच्या डावीकडे, असं लिहिलं होतं. तो उजवीकडे होता. स्टोअरबाईने डावीकडे खोडून उजवीकडे केलं, सही ठोकली, आणि पुरुष म्हणाला, आभारी आहोत. त्या दोघांनी स्वतः एकदाही पेन हातात घेतलं नाही.

खरं सांगायचं तर तिला मजा आली. सत्तावीस वर्षं तिने ते भांडार डोळ्यांत तेल घालून जपलं होतं आणि इतक्या बारकाईने त्यात लक्ष घालणारं माणूस तिला कधी भेटलं नव्हतं. कुठल्या कपाटाचं दार कुरकुरतं, हेही त्यांच्या यादीत होतं, फक्त कपाट चुकीचं. तीन दिवसांत तिने दीडशेच्या वर पानं दुरुस्त केली आणि मान वर करून पाहिलं नाही. चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की प्रत्येक पानावर एकच चूक आहे. दोन नाहीत आणि बिनचुकीचं पान एकही नाही.

यंत्रं संपली आणि माणसांची पानं निघाली. ज्याचं पान त्याने येऊन वाचायचं. पहिला नंबर फोरमनसाहेबांचा. वजन अडुसष्ट किलो दोनशे ग्रॅम, काम तीन नंबरच्या शेडमध्ये, डाव्या पायाने लंगडतात. ते मोठ्याने हसले. "अहो, डावा नाही, उजवा," असं म्हणत त्यांनी खोडलं आणि सही केली. थंडीतच काय ते लंगडायचे, पण तेवढं लिहायचं त्यांच्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारच्या उन्हात ते उजव्या पायाने लंगडत भांडारात आले. स्टोअरबाईने विचारलं, पाय दुखतोय का. ते म्हणाले, "लंगडतो मी." बस, तेवढंच. आणखी एक गोष्ट झाली. फोरमनसाहेब वीस वर्षं दातांतून शीळ घालायचे, ना सूर ना ताल, आणि सगळी शेड त्यांच्या नावाने बोटं मोडायची. ती शीळ बंद झाली. सगळे म्हणाले, सुटलो बुवा. पण दुपारपर्यंत शेडमध्ये कुणाचाच हात चालेना.

संध्याकाळी ते एक लोखंडी ओतीव भाग छातीशी धरून फाटकातला काटा ओलांडत होते. स्टोअरबाईने सहज तबकडीकडे पाहिलं. सुई अडुसष्ट दोनशेवर. तिने त्यांना हाक मारून परत बोलावलं आणि तो भाग खाली ठेवून उभं राहायला सांगितलं. का, कशासाठी, असं त्यांनी विचारलंही नाही, सांगितलं तसे उभे राहिले. सुई पुन्हा अडुसष्ट दोनशेवर येऊन थांबली.

तोवर गावातही तेच चाललं होतं. नगरपालिकेची सत्ता कुठल्याशा पक्षाने ताब्यात घेतली, असं कानावर आलं. पक्षाचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. ना मतदान झालं, ना फोडाफोडी, आणि खुर्च्या कुणाच्याच गेल्या नाहीत. तिथेही राखी कपड्यांतली दोन माणसं यादी घेऊन बसली होती. स्टोअरबाईचा सख्खा मामा नगरसेवक होता, विरोधी बाकावरचा, आवाज असा की माईकची गरज नाही. मला विकत घेणारा अजून जन्माला यायचाय, असं तो आल्यागेल्याला सांगायचा आणि ते खोटं नव्हतं. त्याच्या पानावर लिहिलेलं होतं, की हे मंगळवारी विरोध करतात. मामाचा तिळपापड झाला. मंगळवारी काय म्हणून? त्याने तो शब्द असा खोडला की कागद फाटायचा राहिला आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, रोज, सकाळी अकरा वाजता, उभे राहून.

तेव्हापासून मामा रोज सकाळी अकरा वाजता उभा राहून विरोध करू लागला. सभा असो वा नसो, सभागृह रिकामं असलं तरी. ठराव कोणता, विषय काय, याच्याशी त्याला देणंघेणं उरलं नव्हतं. दहा मिनिटं तो त्याच आवाजात बोलायचा, मग बसायचा. समोरचे मान डोलावत आणि काम पुढे चालू राही. भाची भेटायला गेली तेव्हा त्याने तिला बसही म्हटलं नाही. घड्याळ बघत होता.

या सगळ्यात एकच बाई जशीच्या तशी राहिली होती, ती कारखान्यात झाडू मारणारी मावशी. तिच्या पानावर 'पुरुष' असं लिहिलं होतं. तिला ते वाचून दाखवल्यावर ती पोट धरून हसली आणि झाडू घेऊन चालायला लागली. यादीवाली तिच्या मागे मागे जाऊन दुरुस्त करा म्हणत राहिली. मावशी म्हणाली, "राहू दे की. कागदाला कुठं माझ्याशी लग्न लावायचंय?" ती अजून भांडत होती, गात होती, फरशी ओली असताना कुणी पाय ठेवला तर त्याचा उद्धार करत होती, आणि फाटकातली सुई तिच्या पायाखाली रोज वेगळी झुकत होती. कधी पोट भरलेलं, कधी उपाशी, कधी हातात बादली.

स्टोअरबाईच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने सरळ यादीवालीलाच गाठलं आणि विचारलं, पानावरची चूक कुणी सुधारलीच नाही तर काय होतं?

"यादी शनिवारी पाच वाजता बंद होते. चूक राहिलेली नोंद वगळली जाते."

"वगळली म्हणजे?"

"ती आमच्या ताब्यात येत नाही," यादीवाली म्हणाली. तिने काही लपवलं नाही. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता, एवढंच.

मग स्टोअरबाई प्रत्येकाला जाऊन सांगत सुटली, की चूक आहे तशी ठेवा. तिच्या शब्दाला कारखान्यात वजन होतं, पण या बाबतीत पालथ्या घड्यावर पाणी. काहींना वाटलं, वगळणं म्हणजे घरी बसवणं. उरलेल्यांची अडचण निराळी होती. फिटर म्हणाला, सगळं पटतंय हो ताई, पण मग कागदावर चूक तशीच राहणार? त्याच्या पानावर जन्मतारीख एका दिवसाने पुढे होती. तो दोन तास तळमळला आणि मग जाऊन दुरुस्त करून आला. तिला त्याचा राग आला आणि लगेच तो गिळावाही लागला. तिचं स्वतःचं पान बचावलं होतं ते काही तिच्या हुशारीने नाही. नोकरीला लागल्याचं वर्ष एकाने चुकलेलं बघून तिने पेनाचं टोपण काढलं होतं, तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. घंटा दोन मिनिटं उशिरा झाली असती तर खेळ खलास होता.

बुधवारी यादीवालीने तिच्या हातात एक पान दिलं. निवृत्त कामगारही यादीत धरले आहेत, वडिलांना दाखवून आणा, म्हणाली.

रस्त्यातच उभं राहून तिने ते वाचलं. वजन एक्कावन्न किलो चारशे. उजव्या कानाने कमी ऐकू येतं. चहात दोन चमचे साखर. खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात. सगळं बरोबर होतं आणि एकेक ओळ वाचताना तिचा जीव खाली वर होत होता. चूक सापडेपर्यंत ती तिथून हलली नाही. चूक शेवटच्या ओळीत होती. अपत्य, नाही.

घरी आल्यावर नेहमीसारखी हाक आली, नेहमीसारखं हसणं झालं. चहा झाल्यावर तिने आप्पांच्या चांगल्या कानाशी बसून सगळं सांगितलं, फोरमनसाहेबांचं, मामाचं, मावशीचं. आप्पांना किती समजलं कोण जाणे, पण फोरमनसाहेबांची शीळ बंद झाली हे त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. शनिवार संध्याकाळपर्यंत या कागदाला हात लावायचा नाही, असं तिने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. फाडण्यात अर्थ नव्हता, दुसरं पान आलं असतं. तिने तो कागद टेबलावर पितळी वजनांच्या पेटीखाली ठेवला. लपवून ठेवला असता तर आप्पांनी घर पालथं घातलं असतं, त्यापेक्षा डोळ्यांसमोर बरा, असा तिचा हिशेब. माणूस स्वतःच्या बापाला ओळखतो असं आपल्याला वाटतं.

गुरुवारी त्यांनी विषय काढला नाही. शुक्रवारी तिने ताट वाढलं तेव्हा ते जेवेनात.

"दोन दिवस झाले," आप्पा म्हणाले. "मी दिवसभर त्या कागदाशेजारी बसतो. त्याच्यावर तू नाहीस."

"नसू दे ना आप्पा. मी इथे आहे की."

"तू कामावर गेलीस की मी आणि तो कागदच असतो गं. चाळीस वर्षांत अशी चूक मी घरात ठेवून घेतली नाही. आणि ही तर तुझ्या बाबतीत."

तिने त्यांचा हात धरला आणि फक्त उद्याचा दिवस, म्हणाली. ते म्हणाले, बरं. मग दोन घास जेवले.

शनिवारी तिने रजा मागितली, पण मॅनेजरांनी दिली नाही. त्यांच्या पानावर ते रजा देत नाहीत असं लिहिलेलं असावं. दिवसभर ती भांडारात बसून घड्याळाकडे बघत होती. एक कप्पा तिने तीनदा मोजला आणि तीनदा वेगळा आकडा आला, असं तिच्या आयुष्यात झालं नव्हतं. पाचाचा भोंगा झाला. यादीवाल्यांनी यादी मिटली. ती फाटकातून जवळजवळ पळत बाहेर पडली, सुई थरथरून मागे झुकली, आणि फरशी पुसणारी मावशी तिच्या पायांकडे बघून ओरडली. तिला ते ओरडणंसुद्धा गोड लागलं.

जिन्यात तिने पावलं मुद्दाम वाजवली. हाक आली नाही. डोळा लागला असेल, असं तिने स्वतःला दोन मजले सांगितलं.

आप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसले होते. टेबलावर पितळी वजनांची पेटी बाजूला सरकवलेली होती आणि पान नव्हतं. यादीवाल्यांचं कुणीतरी घरी येऊन ते घेऊन गेलं होतं. त्याच्या जागी पोच होती, पानाची नक्कल, वर वेळ, दुपारी चार पन्नास. खाली त्यांचं ते मोत्यासारखं अक्षर. 'नाही' हा शब्द पट्टी लावून एका सरळ रेघेने खोडला होता आणि वर लिहिलं होतं, आहे. मुलगी. एक. एक या शब्दाखाली त्यांनी रेघ मारली होती, दोनदा.

"मुलगी आली," आप्पा म्हणाले.

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "आप्पा, मी छटाक."

ते तिच्याकडे बघत राहिले. भांडारात नसलेला स्क्रू कुणी मागितला की ती स्वतः जसं बघायची, तसं. मग म्हणाले, "मुलगी एक. आहे."

तिने त्यांना चहा दिला, दोन चमचे साखरेचा. ते प्यायले. रविवारभर ते खुर्चीत बसून होते. शेजारणीचं मांजर नेहमीसारखं मांडीवर येऊन बसलं, दोन मिनिटं थांबलं आणि उतरून गेलं. त्यांचं कुठे दुखत नव्हतं, त्यांना काही हवं नव्हतं, डाव्या कानाशी बोललेलं सगळं त्यांना ऐकू येत होतं. शेजारीण डोकावून म्हणाली, आप्पांची तब्येत सुधारली की. स्टोअरबाई आतल्या खोलीत जाऊन तोंडावर पदर घेऊन रडली. इतकी वर्षं तिला वाटायचं, ताबा घेणं म्हणजे कुणीतरी येऊन आपल्याला बाहेर काढणं. इथे तर कुणालाच बाहेर काढलं नव्हतं. कागदावर जेवढं मावलं तेवढं जागच्या जागी ठेवलं होतं आणि बाकीचं गेलं होतं. कुठे गेलं, हे तिला त्या भांडाराच्या सत्तावीस वर्षांतून काही सांगता येईना.

दिवेलागणीला सहा वाजले. तिने मुद्दाम खाली जाऊन पुन्हा जिना चढला. आतून आवाज आला, "मुलगी आली."

सोमवारी ती कारखान्यात गेली तेव्हा पाटी तीच होती, माणसं तीच होती, सगळे वेळेवर आले होते. यादीवाले भांडारात तिच्याच टेबलाशी यादीला दोरी बांधत होते. तिने विचारलं, की एखाद्या नोंदीत भर घालता येते का.

पुरुष म्हणाला, येते, यादी बंद झाली तरी. जवळच्या नातेवाइकाच्या सहीने. मग त्याने यादीत बोट फिरवलं आणि म्हणाला, "पण तुम्ही यादीत नाही. वगळलेल्यांची सही चालत नाही. तुमचं पान आधी पूर्ण करावं लागेल."

यादीवालीने तिचं पान काढून पुढे सरकवलं. त्यांनी ते टाकून दिलं नव्हतं.

मावशी दाराशी झाडू घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. आत येऊन तिने स्टोअरबाईचा दंड धरला, आजवर तिने कधी तिला हात लावला नव्हता. "नका करू बाई," ती म्हणाली. "म्हातारा तर गेलाच की. तुम्ही कशाला मागून जाताय?"

"मला हाक ऐकायचीय, मावशी."

"ती तुम्हाला त्याची म्हणून ऐकू यायची नाही."

हे स्टोअरबाईलाही कळत होतं. मावशी जे म्हणाली ते तिने रात्रभर स्वतःला सांगून पाहिलं होतं. पण घरात बापाच्या आवाजात सहा वाजता दुसरंच काहीतरी ऐकू येणं, हे तिला आणखी एक दिवसही सोसणार नव्हतं. शिवाय तिच्यासमोर पान होतं आणि पानावर वर्ष एकाने चुकलेलं होतं. हात कसा आवरायचा, हे त्या कारखान्यात कुणी कुणाला शिकवलंच नव्हतं. तिने वर्ष खोडलं, बरोबर वर्ष लिहिलं, सही केली. यादीवाली म्हणाली, आभारी आहोत.

मग तिने आप्पांचं पान मागून घेतलं आणि खाली एक ओळ वाढवली. रोज सहा वाजता मुलगी जिन्यावर आली की हाक मारतात, छटाक आली का गं. दोनदा वाचून पाहिलं, शब्द न् शब्द बरोबर होता. सही केली. मावशी तोवर निघून गेली होती आणि बाहेरच्या फरशीवर जोरजोरात झाडू मारल्याचा आवाज येत होता.

संध्याकाळी ती फाटकातून बाहेर पडली. हातात पिशवी होती, पिशवीत दोन दिवसांचा भाजीपाला. काटा ओलांडताना तबकडीकडे बघायची तिची रोजची सवय होती, आज तिला बघावंसं वाटलं नाही.

जिन्यावर तिची पावलं वाजली तेव्हा बरोबर सहा वाजले होते.

"छटाक आली का गं?" आतून हाक आली.

आवाज आप्पांचाच होता, तसूभरही फरक नाही. दाराच्या कडीला हात लावून ती थांबली. हाकेनंतर काहीतरी असायचं, त्याची ती वाट बघत होती. ते आलं नाही. मग तिला आठवलं, की ते हसायचे, बारीक सुरू होऊन खोकल्यात संपणारं, आणि ते लिहायचं राहून गेलं. उद्या सकाळी जाऊन आधी तेवढी भर घालायची, असं तिने ठरवलं.

दार उघडून ती आत गेली. चपला काढल्या, भाजी ओट्यावर ठेवली, चहाला आधण ठेवलं, साखर काढली, दोन चमचे. चमचा हातात धरून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. उद्या कसली तरी भर घालायची होती. कसली, ते तिला आठवेना.